कुरडयांवरचं टेनिस

“मानसीच्या रुखवतात पहिलं ताट माझ्या हातच्या कुरडयांचं असणार. नाहीतर बकुळा राऊळ नाव लावणार नाही!”

हे वाक्य बकुळाने पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा मानसी पाळण्यात होती, बकुळाचे गुडघे शाबूत होते आणि घोडपदेवची त्यांची चाळही शाबूत होती. आता मानसीचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं, चाळीच्या जागी आभाळाला ढुशी देणारा टॉवर उभा होता, आणि गुडघ्यांबद्दल न बोललेलंच बरं. वाक्य मात्र अजून होतं तसंच होतं. ते रोज संध्याकाळी मालनच्या डोळ्यांत दिसायचं.

मालन म्हणजे मानसीची आई. बकुळाची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. चाळ पडली तरी दोघींनी सोडतीत हातापाया पडून पुन्हा भिंतीला भिंत लावून घेतली होती. मालन स्वतःहून काही मागणारी बाई नव्हे. पण मानसीचं सासर साताऱ्याकडचं. रुखवतात कुरडया नसल्या तर तिकडच्या बायका तोंडाने चकार शब्द काढत नाहीत, नुसत्या एकमेकींकडे बघतात. त्या बघण्याची मालनला धास्ती होती.

गहू होते, सोऱ्या होता, हातही होते. नव्हतं ते ऊन!

चाळीला गच्ची होती. तिथे चैत्र लागला की अख्खी चाळ वाळत पडायची. नव्या इमारतीतल्या जुन्या भाडेकरूंच्या विंगला म्हणतात ‘रिहॅब विंग’, आणि तिच्या गच्चीवर सोलरचे पत्रे, मोबाइलचा खांब आणि दाराला नारळाएवढं कुलूप. खिडकीत ऊन यायचं, पण ते वसुलीला आल्यासारखं. दारात उभं राहायचं, पाणीही न पिता निघून जायचं. पहिल्या घाण्यातल्या चार कुरडया बकुळाने खिडकीत ठेवून बघितल्या. संध्याकाळपर्यंत त्यांना वास आला, आणि खालच्या मजल्यावरून निरोपही.

असं सगळं असताना एक दिवस लिफ्टजवळ कमिटीची नोटीस लागली. पोडियमवरचं, म्हणजे पार्किंगच्या छतावरचं, टेनिस कोर्ट रिहॅब विंगलाही वापरता येईल. वेळ, दुपारी बारा ते तीन.

विंग पेटली. टॉवरवाल्यांना सकाळचा गारवा, टॉवरवाल्यांना संध्याकाळचा वारा, आणि आम्हाला काय, तर भर दुपार? त्या वेळेला कुत्रंसुद्धा गाडीखाली झोपतं! बकुळाचे यजमान रामदास तर निषेधाचं पत्र लिहायला बसले. बकुळाने मात्र नोटीस वाचली, पुन्हा वाचली, आणि तिचे डोळे भरून आले. डोक्यावरचं, सलग, कुणाची सावली न पडलेलं ऊन! खाली सारवल्यासारखी सपाट जमीन. आणि चारी बाजूंनी उंच जाळी. कावळा नाही, कबुतर नाही, मांजर नाही. टेनिस ज्याने कुणी शोधून काढलं त्याच्या घरी वाळवण होत असणार, याबद्दल तिच्या मनात शंका उरली नाही.

दुसऱ्याच दिवशी ती चिकाचं पातेलं घेऊन कोर्टाच्या फाटकाशी हजर झाली. फाटकावर कुशाबा होता. हा वॉचमन मूळचा कराडकडचा. कुरडई म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने आधी पातेल्याकडे बघितलं, मग बोर्डाकडे बोट केलं. प्रवेश फक्त खेळणाऱ्यांसाठी.

“ताई, खेळ चालू असला की मला दुसरं काही दिसत नाही,” तो सावकाश म्हणाला. “पण खेळ थांबला की मला सगळं दिसायला लागतं. मग कुलूप घालावं लागतं. माझी पण नोकरी आहे.”

झालं! टेनिस खेळणं भाग पडलं.

रामदासांनी चोरबाजारातून दोन रॅकेटी आणल्या. त्यातल्या एकीच्या जाळीतून चहा गाळता आला असता, दुसरीच्या जाळीतून चहाची किटली गेली असती. टेनिसच्या बॉलला मात्र तोटा नव्हता. तो घोडपदेवच्या प्रत्येक घरात कपाटाखाली सापडतो. तो क्रिकेटखेरीज दुसऱ्या कशासाठी असतो, हे बऱ्याच जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मांडणी अशी ठरली. नेटच्या एका बाजूला प्लास्टिकच्या कागदांवर कुरडया घालायच्या, दुसरी बाजू मोकळी. मोकळ्या बाजूला मालन. आणि ज्याचा माल त्याने राखायचा, या न्यायाने कुरडयांच्या बाजूला बकुळा. कागदांच्या मधून जेमतेम पाऊल मावेल अशी वाट ठेवली होती. पण बकुळाचा सगळा संसार चाळीच्या गॅलरीत गेला होता. दोन्ही हातांत कळशी घेऊन, कुणाची बादली न लवंडता, कुणाच्या शेगडीला न शिवता, कुणाच्या झोपलेल्या पोराला न तुडवता जायची तिला सवय होती. टेनिसवाले ज्याला फुटवर्क म्हणतात ते तिच्या अंगात मुरलेलं होतं, फक्त तिला त्याचं नाव माहीत नव्हतं.

“हळू मार हां,” तिने मालनला बजावलं.

मालनने हळूच मारला. पण मालनने जन्मभर गोधड्या आपटून धुतल्या आहेत. तिचा ‘हळू’ नेटवरून सूं करत आला आणि ओल्या कुरडयांच्या मधोमध बसला. तीन कुरडयांची एक झाली आणि बॉलला चीक फासला गेला, लग्नाआधी हळद लावावी तसा. बकुळाने बॉल पदराला पुसला, पदर कमरेला खोचला आणि मनाशी ठरवलं. यापुढे एक बॉल खाली पडता कामा नये!

आणि काय सांगू, पडेनासा झाला. सुरुवातीला ती निम्मे रॅकेटने अडवायची, निम्मे दंडाने, एक-दोन तर कपाळाने. पण हात बसत गेला. बॉल मालनच्या रॅकेटवरून सुटायच्या आधी बकुळा तो जिथे येणार तिथे उभी असायची. डोक्यावरून चाललेला ती उडी मारून घ्यायची. आता ‘उडी’ हा शब्द बकुळाच्या गुडघ्यांनी शेवटचा कधी ऐकला होता, तेही त्यांना आठवत नव्हतं.

नुसतं मारत राहायचं तर कंटाळा येतो, म्हणून दोघी बोलायच्या. बोलता बोलता जुनी उणीदुणी निघायला लागली.

“हा घे, माझं मोदकपात्र नेऊन अजून परत केलं नाहीस त्याबद्दल!”

“आणि हा घे, माझ्या सासूपाशी चुगली केलीस त्याबद्दल!”

“मी नाही केली गं, वरच्या शांताने केली!”

“मग हा शांतासाठी!”

दुपारी तीनला दोघी घामाने निथळत, हसत, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून घरी यायच्या. इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर पडलं होतं. मोदकपात्र तेवढं मालनकडेच राहिलं.

महिन्याची तपासणी आली. डॉक्टरांनी रक्ताचे आकडे बघून चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. साखर खाली, दाब खाली, वजन खाली. गुडघा वाकवून बघितला तर आवाज नाही. झोप कशी लागते? पडल्याबरोबर. चिडचिड? “ती मी मालनवर काढते,” बकुळा म्हणाली. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, नक्की करता काय?

“टेनिस,” बकुळा म्हणाली, आणि खुर्चीत थोडी ताठ बसली.

इथवर सगळं ठीक होतं. पण डॉक्टरांकडे रामदासही बरोबर आले होते. चाळ असताना कुणाच्या घरचं दूध नासलं ही बातमीसुद्धा रामदासांच्या तोंडून तळमजल्यापर्यंत जायची. इथे तर बायको टेनिस खेळत होती! भाजीवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं. घोडपदेवच्या नाक्यापर्यंत पोचेतो बकुळा राज्य पातळीवर गेली होती.

आणि मग एक दिवस भर दुपारी कोर्टाच्या फाटकात मेघना प्रधान उभी! टॉवरमध्ये अगदी वरती राहणारी ही बाई, कमिटीची क्रीडाप्रमुख. पांढरे बूट, पांढरी टोपी, बोलणं पुस्तकातल्यासारखं. कुशाबाने तिला बघितलं आणि त्याला एकदम सगळं दिसायला लागलं. मालन बुटाची नाडी बांधायला खाली बसली. तिच्या पायात चप्पल होती.

“बकुळाताई, मी तुम्हाला रोज वरून बघते,” मेघना भारावून म्हणाली. “एकाही चेंडूचा टप्पा पडू देत नाही तुम्ही! आणि ही पांढरी वर्तुळं किती शिस्तीत मांडलीयेत. पायांच्या सरावासाठी ना?”

तिला फाटकातून लांबून दिसत होतं, आणि डोळ्यांवर काळा गॉगल होता.

“हो. आमच्यात पूर्वीपासून घालतात.”

“किती अंतरावर घालता?”

“एकमेकींना चिकटणार नाहीत इतक्या.”

“आणि रोज तशाच ठेवता?”

“नाही, उलटाव्या लागतात. दोन्ही बाजूंनी व्हायला पाहिजे.”

“दोन्ही बाजूंनी!” मेघनाने टाळी वाजवली. “माझा प्रशिक्षक नेमकं हेच सांगतो. बॅकहँड कच्चा ठेवू नका.”

“ऊन मात्र कडक पाहिजे,” बकुळाला आता चढायला लागली होती. “उन्हात कमी पडलं की पुढे तेलात कळतं.”

“तेलात?”

“मालीशच्या,” खालून मालन म्हणाली.

मग मेघनाने टेनिसचे फायदे सांगायला घेतले. हृदय बळकट होतं, हाडं भरतात, तोल सुधारतो, मन एकाग्र होतं. बकुळा माना डोलवत होती, एका डोळ्याने कडेच्या कुरडया करपताहेत का ते बघत होती. आणि फायद्यांच्या शेपटाला मेघनाने बॉम्ब लावला. सोमवारपासून दुपारची वेळ काढून घ्यायची आणि मुलांच्या उन्हाळी शिबिराला द्यायची, असं कमिटीच्या मनात होतं.

बकुळाचं अजून अर्धं रुखवत बाकी होतं. कुरडयांचा शेवटचा घाणा, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस.

“पण मी ते होऊ देणार नाही,” मेघना म्हणाली. “रविवारी सकाळी कमिटीसमोर माझ्याशी एक सामना खेळा. असा खेळ बघितल्यावर तुमची वेळ काढायची कुणाची छाती होणार नाही. फक्त, दिसला पाहिजे हं असाच.”

रविवारी विंगची विंग जाळीला लटकली होती. रामदास नाक्यावरच्या लोकांनाही घेऊन आले होते. समोर खुर्च्यांवर कमिटी आणि टॉवरमधल्या बायका, हातात थंड सरबत. बकुळा मानसीच्या पंजाबी ड्रेसमध्ये, डोक्याला रुमाल बांधून उभी राहिली. कोर्ट धुऊन लख्ख केलं होतं. कागद नाही, कुरडई नाही, रिकामी हिरवी जमीन.

मेघनाने पहिला बॉल मारला. बकुळाने तो येताना बघितला, टप्पा पडताना बघितला, आणि मागे जाळीला लागतानाही बघितला. तिच्या मनात एवढंच आलं, पडला तर पडला. काय मोडलं?

दुसरा तसाच. तिसऱ्यालाही तिचं पाऊल हललं नाही. अंगात काही पेटेचना. रिकाम्या जमिनीसाठी कोण धावतं हो? कमिटीच्या अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मेघनाचा चेहरा उतरला. जाळीपलीकडे रामदास शेजाऱ्याला सांगत होते, आधी दमवते, मग मारते. ते आपल्याच शब्दांवर विश्वास असल्यासारखे दिसत नव्हते.

मालनला मात्र कळलं. ती उठली, घरी गेली आणि मोठा पत्र्याचा डबा घेऊन आली. रुखवताचा डबा. वाळून तयार झालेल्या, निवडून ठेवलेल्या, मानसीच्या कुरडया. सगळ्यांसमोर ती कोर्टात शिरली आणि बकुळाच्या पायांभोवती, मागे, पुढे, कडेला, एकेक कुरडई मांडत गेली. अध्यक्ष म्हणाले, हे काय चाललंय? उत्तर मेघनानेच दिलं. त्यांची सरावाची वर्तुळं आहेत, माझी काही हरकत नाही.

बकुळाचा रंग उडाला. “मालन, अगं पोरीच्या आहेत त्या.”

“माहितीये,” मालन म्हणाली. “आता पडू दे बॉल. बघते मी.”

त्यानंतर त्या कोर्टावर जे झालं ते घोडपदेव अजून सांगतं. बकुळाला चार हात फुटले! मेघनाने डावीकडे मारला, बकुळा डावीकडे. नेटजवळ टाकला, बकुळा नेटजवळ. पावलं कुरडयांच्या मधून अशी फिरत होती की जणू वाटीतून पाणी सांडायचं नाही. गुणांची बरोबरी झाली. अध्यक्ष सरबत विसरले. उरला शेवटचा बॉल.

मेघनाने तो उंच मारला. इतका उंच की टॉवरच्या बायकांनी कपाळावर हात धरले. बकुळा मागे सरकत गेली, आणखी मागे. बॉल तिच्या टाचेमागे पडणार होता. आणखी एक पाऊल टाकलं की सामना जिंकला, पण पाऊल पडणार होतं ती जागा रिकामी नव्हती. तिथे मालनने ठेवलेली सगळ्यात देखणी, गोल गरगरीत, मोगऱ्यासारखी पांढरी कुरडई होती.

बकुळाने पाय उचलला आणि तो तसाच वर ठेवला. बगळ्यासारखी, एका पायावर, ज्या गुडघ्याला डॉक्टर वर्षभर नावं ठेवत होते त्या गुडघ्यावर.

बॉल आला आणि बरोबर त्याच कुरडईवर पडला. कडाड!

सामना गेला. कुरडईही गेली. तुकडे घरंगळत थांबल्याचं सगळ्या कोर्टाला ऐकू आलं. मेघना नेटला वळसा घालून आली. वाकली. एक तुकडा उचलला, गॉगल वर केला, वास घेतला.

“ही कुरडई आहे.”

“हो,” बकुळा म्हणाली. अजून तिचा दुसरा पाय खाली आला नव्हता.

“रोज दुपारी?”

“रुखवताच्या आहेत. हिच्या मानसीच्या.” आता लपवायला काही उरलं नव्हतं. “टेनिस आम्हाला येत नाही, मॅडम. आम्ही नुसती राखण करतो.”

मेघनाने तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. कमिटी तिच्याकडे बघत होती, विंग तिच्याकडे बघत होती, मालनने रिकामा डबा छातीशी धरला होता.

“मीठ बरोबर पडलंय,” ती शेवटी म्हणाली. बोलणं एकदम पुस्तकातून खाली उतरलं होतं. “आई गेल्यापासून आमच्याकडे विकतच्याच येतात.” मग ती कमिटीकडे वळली. दुपारची वेळ लग्न होईपर्यंत यांचीच राहील, कुणाला काही म्हणायचंय? कुणाला काही म्हणायचं नव्हतं. तिने बकुळाच्या कानाशी तोंड नेलं. “बकुळाताई, जागा उरली तर माझ्याही थोड्या घालाल?”

हे कानात बोललेलं अध्यक्षांच्या बायकोने ऐकलं. तिला खिचिया पापड घालायचे होते. तिच्या शेजारच्या तमिळ अम्मांना वडाम, म्हणजे त्यांच्याकडच्या तांदळाच्या कुरडया.

रुखवत दणक्यात झालं. बुद्धविहारातल्या हॉलमध्ये पहिल्या ताटात कुरडयांचा डोंगर, आणि मालनने हट्टाने त्याच्या टोकाला चोरबाजारची रॅकेट उभी केली होती. साताऱ्याकडच्या बायकांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही, नुसतं एकमेकींकडे बघितलं. पण हे बघणं वेगळं होतं. मालनला ते कळलं, आणि तिने बकुळाचा हात इतका जोरात दाबला की गोधड्या आठवल्या.

लग्नानंतरच्या सोमवारी दुपारी बाराला बकुळा नव्या बुटांत, नवी रॅकेट घेऊन कोर्टाशी आली. मागे मालन. आता ना चीक, ना कागद. आता नुसतं खेळायचं! दोन दिवस खेळ नव्हता तर गुडघा कुरकुरायला लागला होता आणि शांतावरचा राग पुन्हा साठला होता.

फाटकातून आत बघितलं तर पाय ठेवायला जागा नाही. कुरडया, खिचिया, वडाम, सांडगे, आणि कडेला कुणाचं तरी कैरीचं लोणचं. कुशाबा उठून उभा राहिला आणि नव्या बोर्डाकडे बोट केलं. दुपारी बारा ते तीन प्रवेश फक्त वाळवणासाठी. खेळण्यास सक्त मनाई.

“ताई, तुमच्यामुळेच लागलाय,” तो म्हणाला. “बॉल पडला तर नुकसान होतं म्हणे.”

बकुळा घरी गेली, रॅकेट चादरीत गुंडाळली, हाताला लागलं ते ताटात घातलं, वर फडकं टाकलं आणि परत आली. वाळवण आहे, कोपऱ्यात घालते आणि राखण करत बसते, असं तिने अगदी गरीब चेहऱ्याने सांगितलं.

कुशाबाने फडकं उचललं. ताटाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“ताई, हे तळलेले पापड आहेत.”

“मग खाऊन टाक,” बकुळा म्हणाली, “आणि कुलूप उघड.”